बिबट्याला गोड कळत नाही: गोदाकाठची रूपपालटाची प्रणयकादंबरी लिहिताना

प्रश्न थोडक्यात असा. नाशिक जिल्ह्यात घडणारी, रूप पालटणाऱ्या माणसांची, भरपूर शृंगार असलेली कादंबरी मराठीत लिहायला घेतली आहे. ८० हजार शब्दांचा बेत आहे, २० हजार लिहून झाले. नायक ब्रह्मगिरीवरच्या बिबट्यांच्या कळपाचा म्होरक्या आहे आणि पौर्णिमेला रूप पालटतो. नायिका पशुवैद्य आहे. ज्यांनी वाचलं त्यांना सगळं भाषांतरित वाटलं, आणि प्रणयाचे प्रसंग वाचताना तर अवघडल्यासारखं झालं. कुठे चुकतंय?

चूक प्रणयाच्या प्रसंगांत दिसते, पण तिचं मूळ पहिल्याच प्रकरणात आहे. जनावर चुकलं आहे. कळप, म्होरक्या आणि पौर्णिमा हा सगळा संसार लांडग्याचा, तोही परदेशी कथांमधल्या लांडग्याचा. त्यावर तुम्ही बिबट्याचं कातडं चढवलंय. बिबट्या एकटा राहतो. पिल्लं दीड-दोन वर्षं आईबरोबर असतात, मग आपापली वाट धरतात. नराच्या हद्दीत एक-दोन माद्यांच्या हद्दी येतात, पण तो त्यांच्याबरोबर संसार करत नाही. म्होरक्याची कल्पना तर लांडग्यालाही नीट लागू पडत नाही. अनोळखी लांडगे एकत्र कोंडून केलेल्या निरीक्षणांतून ती १९४७ च्या सुमारास रुजली. रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं. कळपच हवा असेल तर येवला-नांदगावच्या माळावर जा. तिथला लांडगा घेतलात तर कादंबरी आपोआप एकत्र कुटुंबाची होईल. घरात नवी सून येईल आणि तिच्या अंगाचा वास सासूला आधी कळेल. तीही चांगली कादंबरी आहे, पण वेगळी. बिबट्या ठेवायचा असेल तर कळप आजच काढून टाका.

ब्रह्मगिरीही सोडा, निदान मुख्य ठिकाण म्हणून. नाशिकचा आजचा बिबट्या उसात आहे. निफाड, सिन्नर, दिंडोरी पट्ट्यात गोदावरी, दारणा, कादवा यांच्या काठाने जिथे ऊस आहे तिथे मादी पिल्लं घालते. तोडणी सुरू झाली की ती पिल्लं मजुरांना सापडतात. वनखात्याचे लोक ती क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवतात आणि रात्री आई येऊन घेऊन जाते. तुमच्या नायिकेच्या पहिल्या प्रवेशासाठी यापेक्षा चांगला प्रसंग शोधून मिळणार नाही. ती क्रेटपासून लांब गाडीत बसली आहे, पिल्लांसाठी मादी येते, आणि मागच्या बांधावर आणखी एक डोळ्यांची जोडी चमकते, जी मादीची नाही.

पौर्णिमेच्या जागी इथलंच घड्याळ घ्या: रात्रीची लाईट. शेतीपंपाची थ्री-फेज वीज पाळीपाळीने मिळते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की माणूस मध्यरात्री पाणी भरायला निघतो आणि बिबट्याचीही फिरण्याची वेळ तीच असते. माणूस आणि जनावर समोरासमोर येतात ते या वेळापत्रकामुळे. नायकाला रूप पालटायची ओढ रात्रीच्या पाळीच्या आठवड्यात लागते असं ठरवलं, तर गावातल्या प्रत्येक वाचकाला तारीख सांगावी लागत नाही. ‘सोमवारपासून रात्रीची लाईट’ एवढ्या वाक्याने पोटात गोळा येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या प्रकारच्या कादंबरीत रूपपालटाचा नियम आणि शृंगाराचा नियम एकच असावा लागतो. रूप पालटल्याची जी किंमत मोजावी लागते, ती थेट प्रियकर-प्रेयसीच्या मधोमध पडली पाहिजे. हाडं मोडतात, वेदना होतात, ताप येतो, या किमती सगळीकडे वापरून झाल्या आहेत. शिवाय त्या नायकाच्या अंगातच राहतात, नायिकेपर्यंत पोचत नाहीत.

बिबट्याच्या खऱ्या शरीरातून एक किंमत मिळते. मांजरकुळातल्या प्राण्यांना गोड चव कळत नाही, कारण जिभेवर गोडी ओळखायला लागणारी रचनाच त्यांच्यात नीट बनत नाही. नायकाला द्राक्षबागाईतदार करा. रूप पालटून परत माणूस झाला की काही तास त्याला गोड लागत नाही. दर खेपेला ते तास वाढतात. आधी रात्रीपुरतं, मग दोन दिवस, मग पाच दिवस. द्राक्ष उत्पादकाला साखर कळेनाशी होणं म्हणजे हातातलं काम जाणं. आणि प्रेमात पडलेल्या माणसाला ओठांची चव अर्धीच कळणं म्हणजे काय, हे समजावून सांगायची गरज नाही.

यातून कादंबरीचा कालपट तयार मिळतो. १० ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी (फळ धरण्यासाठी करतात ती) झाली असं धरा. तिथून माल काढायला साधारण १२० ते १४० दिवस, म्हणजे फेब्रुवारीचा पहिला आठवडा ते अखेर. साधारण ८० ते ९० दिवसांनी, जानेवारीच्या सुरुवातीला, मण्यात पाणी उतरतं. मणी मऊ पडतो आणि तिथून साखर भरायला लागते. खायच्या द्राक्षाची साखर १८ ब्रिक्सच्या (रसातली गोडी मोजायचं माप) आसपास आली की व्यापारी बागेत शिरतो. म्हणजे बागेत गोडी चढत जाते त्याच दिवसांत नायकाच्या जिभेवरून ती उतरत जाते. या दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे तुमचा पहिला पूर्ण प्रणयप्रसंग येतो. जानेवारीत निफाडचा पारा कधीकधी पाच अंशांखाली जातो, थंडीने मणी तडकू नयेत म्हणून बागेत पहाटे शेकोट्या पेटवतात, धूर करतात, पाणी सोडतात. पहाटेचे तीन, ओळींमधून धूर, अंगावर स्वेटर, मफलर, कानटोपी. उबेची इतकी साधी आणि खरी गरज असलेली जागा सोडून बंगल्यातल्या पलंगाकडे जाऊ नका.

शरीराचे तपशील पक्के हवेत, कारण या प्रकाराचे वाचक ते तपासतात. बिबट्याची बाहुली गोल असते. मांजरीसारखी उभी चीर लिहिली की जाणकार पुस्तक मिटतो. नर साधारण ५० ते ७० किलोंचा, मादी ३० ते ४० च्या आसपास. त्यामुळे ६५ किलोंच्या माणसाचा नर बिबट्या होताना वजनाचा प्रश्नच उरत नाही. स्त्री रूप पालटणारी असेल तर तिची मादी नेहमीपेक्षा थोराड दिसेल, आणि ठसे पाहणाऱ्या वनरक्षकाला तीच गोष्ट खटकावी. हासळीचं, म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड बिबट्यात अगदी छोटं, जवळजवळ सुटं असतं, म्हणून त्याचे खांदे आळीपाळीने पुढे सरकतात. पालट खांद्यापासून सुरू करा: आधी हासळी सुटते, मग श्वास बदलतो, जिभेवरून गोड जातं, शेवटी नजर. आवाज सिंहासारखा गडगडाटी लिहू नका. बिबट्याची हाक करवतीने लाकूड कापल्यासारखी येते, खर्र खर्र, थांबून थांबून. पूर्ण पालटाला १५० ते २०० शब्द पुरतात. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ४० शब्दांत उरका.

मराठीत एक हत्यार आहे जे इंग्रजीत लिहिणाऱ्याकडे नाही, आणि ते तुम्ही वापरलेलंच नाही: व्याकरणातलं लिंग. माणूस ‘तो’, बाई ‘ती’, आणि जनावर ‘ते’. खेड्यात बिबट्याला वाघच म्हणतात, कधी वाघरू, आणि वाघरूही ‘ते’च. नायक जनावरात गेला की क्रियापद नपुंसकलिंगी करा: ‘तो बांधावर थांबला’ याच्यानंतर ‘ते बांधावरून उतरलं’. वाचकाला काहीही सांगावं लागत नाही. याहून नाजूक गोष्ट म्हणजे ‘त्याने’. हे रूप पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी दोन्हीकडे सारखंच आहे. ‘त्याने मान वळवली’ या वाक्यात माणूस आहे की जनावर, हे कळत नाही. पालटाच्या उंबरठ्यावरची सगळी वाक्यं ‘त्याने’ने बांधा. नायिका पालटत असेल तर मात्र ‘तिने’वरून एकदम ‘त्याने’वर जावं लागतं. तो धक्का लपवू नका, परिच्छेद तिथेच तोडा.

उदाहरणादाखल:

‘पंपाच्या खोलीची कडी त्याने आतून लावली. शर्ट खुंटीला. हासळी सुटली तशी मान खाली गेली. तोंडात दुपारच्या द्राक्षाची गोडी होती, ती विझली. बाहेर पाटात पाणी वाजत होतं, त्याने ऐकलं. पाण्यापलीकडे कुणाचातरी श्वास, तोही ऐकला. खिडकीचा गज थंड होता. ते बाहेर पडलं.’

कपडे कुठे राहिले ते लिहिलंय, हे लक्षात घ्या. रूपपालटाच्या कथांमध्ये सर्वात जास्त गफलत इथे होते. कपडे एका ठरलेल्या जागी राहायला हवेत, परत येताना माणसाला उघड्या अंगाने तिथवर जावं लागायला हवं, आणि एके दिवशी तिथे ते नसायला हवेत.

प्रणयाच्या भाषेविषयी. तुमची अडचण मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाची आहे. आपल्याकडे शरीराचे तीन शब्दकोश आहेत. एक संस्कृताळलेला, उरोज-नितंबांचा, त्यात देवळावरची मूर्ती दिसते. दुसरा दवाखान्याचा. तिसरा शिव्यांचा. तिन्हींत प्रेमिक बोलत नाहीत. यावर उपाय चौथा शब्दकोश शोधणं हा नाही, नामांवरचा भार कमी करणं हा आहे. मराठीची श्रीमंती क्रियापदांत आहे: बिलगणं, चाचपणं, कुरवाळणं, हुळहुळणं, शहारणं, टेकणं, उसासणं, सैलावणं. नामं रोजचीच घ्या: मनगट, दंड, पोटरी, कानाची पाळी, पाठीची पन्हळ, बेंबी. रोजच्या नामाला नेमकं क्रियापद जोडलं की धग येते. विशेषणं काढा. फुलांच्या उपमा काढा. आणि ‘तिने नकळत रोखलेला श्वास सोडला’ यासारखी वाक्यं शोधून काढा, ती आपल्या भाषेत जन्मलेली नाहीत.

सुचवणं आणि उघड सांगणं यांत कमीपणा कशातच नाही, पण गोदाकाठची परंपरा सुचवण्याची आहे, आणि ती तुमच्या विषयाला थेट भिडते. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत, महाराष्ट्री प्राकृतात, एक प्रसिद्ध गाथा आहे. भेटीच्या जागेवर एक बुवा सारखा फिरकतो म्हणून एक स्त्री त्याला सांगते: खुशाल फिरा हो, तुम्हाला छळणारं ते कुत्रं गोदाकाठच्या जाळीत राहणाऱ्या माजलेल्या सिंहाने आज मारलं. शब्द म्हणतात ‘या’, अर्थ म्हणतो ‘पुन्हा पाऊल ठेवू नका’. काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने ध्वनीचं, म्हणजे सुचवलेल्या अर्थाचं उदाहरण म्हणून हीच गाथा घेतली. जाळीतलं श्वापद आणि त्याच्या आडोशाने होणारी भेट, हे या नदीकाठी इतकं जुनं आहे. तुमच्या नायिकेनेही गावात बिबट्याची आवई उठवावी, बाग रिकामी राहावी म्हणून. आणि आपण उठवलेली आवई खरी आहे, हे तिला नंतर कळावं. रूप पालटण्याची गोष्टही इथे उपरी नाही. सोन्याचा मृग होऊन मारीच आला तो पंचवटीतच, आणि शूर्पणखा स्वतःची ओळख ‘कामरूपिणी’, हवं ते रूप घेणारी, अशीच करून देते.

प्रसंगाची बांधणी आकड्यांत सांगायची तर: ८० हजार शब्दांत पूर्ण प्रणयप्रसंग चार, फार तर पाच. पहिलं चुंबन २० ते २५ हजारांच्या दरम्यान, पहिला पूर्ण प्रसंग ४० हजाराच्या आसपास, बाकीचे त्यानंतर. प्रत्येक १५०० शब्दांच्या आसपास. त्यातले पहिले ५०० स्पर्शाआधीचे. पुढचे ३०० अडथळ्याचे: मोटार बंद पडते, लाईट जाते, कुत्री भुंकतात, किंवा तिच्याच मनात शंका येते. मग ४०० स्पर्शाचे. उरलेले ३०० नंतरचे, आणि तुमच्या मसुद्यात नेमके हेच नाहीत. नंतर माणसं काय बोलतात, कोण आधी उठतो, कोण पांघरूण ओढतं, यातून नातं कळतं. प्रत्येक प्रसंगानंतर कथेत काहीतरी बदललेलं असलंच पाहिजे. प्रसंग काढून टाकला आणि पुढचं प्रकरण तसंच उभं राहिलं, तर तो प्रसंग काढूनच टाका.

‘तुम्ही’वरून ‘तू’वर येणं ही पहिली विवस्त्रता समजा. ती एकदाच घडते, फुकट घालवू नका. बोली मोजकी ठेवा. निफाड-सिन्नरकडचं ‘काय करू राह्यली?’ ऐन क्षणी आलं की माणूस खरा होतो, पण दर ओळीत आलं की नक्कल होते. कळवण-बागलाणचं पात्र असेल आणि अहिराणी येत असेल तर रागाच्या आणि लाडाच्या क्षणी त्याला तिकडे घसरू द्या.

शेकोटीजवळच्या त्या प्रसंगाचा गाभा असा लिहिता येईल:

‘तिने घडातला एक मणी तोडून त्याच्या ओठांना लावला. “गोड लागू राह्यलं का?” त्याने मान हलवली. नाही. तिने उरलेला अर्धा मणी स्वतः खाल्ला आणि मफलर सोडला. धुराचा वास, लोकरीचा वास, आणि त्याखाली तिच्या मानेचा. “आता?” तो बराच वेळ बोलला नाही. त्याचा अंगठा तिच्या मनगटावर होता, आणि तिथे ठोके मोजता येत होते. “थोडं,” तो म्हणाला. “पुन्हा दे.”’

यात काहीच उघडं नाही, तरी काय चाललंय ते कळतं, कारण किमतीचा नियम आधीच ठरलेला आहे.

‘नियतीने ठरवलेला जोडीदार’ ही या प्रकारची आवडती कल्पना तुम्हीही घेतली आहे. बिबट्यात जन्माची जोडी नसते. नर-मादी काही दिवस एकत्र राहतात आणि वेगळे होतात. त्याचा फायदा घ्या: जनावराला तिची ओढ काही दिवसांची, माणसाला आयुष्याची, आणि निवड माणसाने करायची. एक नियम मात्र अजिबात मोडू नका: जनावराच्या रूपात प्रणय नाही, आणि जनावराची ओढ ही जबरदस्तीची सबब नाही. तिच्या ‘थांब’वर तो थांबतो. अंग अर्धं पालटलेलं, नखं बाहेर येऊ घातलेली, आणि तरी थांबतो. बरोबर लिहिलात तर कादंबरीतला सर्वात तापलेला प्रसंग हाच असेल.

तिसऱ्या भागातलं संकट पिंजऱ्याचं ठेवा. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. पिंजरा लावायला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, सरपंचाने म्हटलं म्हणून लागत नाही. पिंजऱ्यात भक्ष्याचा कप्पा वेगळा असतो, शेळी किंवा कोंबडी सुरक्षित राहते. पकडलेल्या बिबट्याच्या कातडीखाली मायक्रोचिप घालतात, तांदळाच्या दाण्याएवढी. नायक पकडला गेला, चिप बसली, सोडला गेला, आणि परत माणूस झाला. चिप कुठे गेली? कुठेच नाही. काही रात्रींनी पशुवैद्य असलेल्या तिच्या बोटांना त्याच्या पाठीत तो दाणा लागतो. तिने स्वतः शेकडो जनावरांना तपासलंय, तिला कळतं. प्रणय, रहस्य आणि संकट एका बोटाखाली येतात.

दोन ठिकाणी जपून. सुरगाणा, पेठ, त्र्यंबक, इगतपुरीच्या आदिवासी पाड्यांवर वाघदेव पूजला जातो, वाघबारस होते. ती जिवंत श्रद्धा आहे, तिला जादूचं दुकान करू नका. आणि रूप पालटणारी बाई ‘भुताळीण’ म्हणून रंगवू नका. तसा शिक्का मारून बायकांचा खरोखर छळ झालाय आणि २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठीही आहे. बिबट्याच्या हल्ल्यात माणसं, लहान मुलं गेलेली घरं या जिल्ह्यात आहेत. तो मृत्यू नायकाच्या रुबाबासाठी वापरू नका. लिहायचा असेल तर पूर्ण प्रकरण द्या आणि त्या आईला बोलू द्या.

कायद्याचं एवढंच: पात्रं प्रौढ आहेत हे वयाच्या आकड्यासह पहिल्या दोन प्रकरणांत दिसू द्या, ई-पुस्तकावर १८ वर्षांवरील वाचकांसाठी अशी सूचना घाला. अश्लील मजकुराबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम २९४ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ छापण्याआधी प्रकाशकाबरोबर वाचून घ्या.

लिहून झालेल्या २० हजारांचं काय? फेकू नका, पण सलग दुरुस्तही करत बसू नका. आधी एका कागदावर छाटणी ते माल काढणी हे दिवस मांडा आणि त्याखाली दर पालटानंतर गोडी किती तास जाते तो आकडा लिहा: ३, ८, २०, ४८, १२०. पौर्णिमेच्या जागी लाईटच्या पाळ्या भरा. मग फक्त पहिलं प्रकरण आणि शेकोटीचा प्रसंग नव्याने लिहा, साधारण चार हजार शब्द. पशुवैद्य नायिका, तिची गाडी, तिचं घर हे सगळं राहील. कळपातली पात्रं जातील, पण त्यातला नायकाचा भाऊ ठेवा: तो कायमचा ‘ते’ झालेला आहे, आणि बांधावर ती दुसरी डोळ्यांची जोडी त्याची होती.